एका माणसाची मिरवणूक

“बाबा, तुम्हाला सावकाश चालता येईल का?” लेकीने विचारलं, आणि टाइमकीपर ‘हो’ म्हणून मोकळे झाले. प्रश्न नीट ऐकून घ्यायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांनी उभ्या जन्मात कुणाला दिला नव्हता.

बस डेपोत एकतीस वर्षं गाड्या सोडण्याचं काम करून ते निवृत्त झाले होते. निवृत्त झाले ते डेपोतून, घाईतून नव्हे. नाश्ता उभ्याने. लिफ्टचं बटण दाबलं की लिफ्ट येईपर्यंत आणखी सात-आठ वेळा दाबायचं. एका गालाची दाढी चालू असतानाच दुसऱ्या गालाला साबण, म्हणजे तेवढेच पंधरा सेकंद वाचले. या वाचलेल्या सेकंदांचं ते पुढे काय करतात, हे बायकोला चाळीस वर्षांत कळलेलं नव्हतं. बिल्डिंगमध्ये त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. “टाइमकीपर!” एवढं म्हटलं, की हाक पुरी व्हायच्या आत ते जिन्याने खाली.

लेकीचं सगळं उलटं. ती कार्यक्रम करायची. अंधारी खोली, मोठा पडदा, त्यावर हलतंय की नाही कळू नये अशी चित्रं, चारी बाजूंनी आवाज, आणि मधोमध एक माणूस काहीतरी फार, म्हणजे फारच, हळू करतोय. असं केलं की बघणाऱ्याला एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसायला लागतात, असं तिचं म्हणणं. पहिल्या कार्यक्रमात एक बाई पाऊण तास संत्रं सोलत होती. टाइमकीपर आठव्या मिनिटाला उठले आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला, “सोलून झालं की हाक मारा,” म्हणून घरी निघून आले. दुसऱ्यात एक गृहस्थ खुर्चीवर बसत होते. ते पुरते टेकायच्या आत टाइमकीपर रस्त्यावर. तिसऱ्या वेळी मात्र ते शिस्तीत बसले, कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघून बघून कंटाळले आणि उठले, तेव्हा तो अर्धा होऊन गेलेला होता.

तिन्ही वेळा लेकीने त्यांना जाताना पाहिलं. तिन्ही वेळा घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “जाऊ दे, बाबा.” भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. ‘जाऊ दे’चं काय करायचं? ते घशात काट्यासारखं राहिलं होतं. म्हणून हे ‘हो’ एवढं चटकन निघालं.

मग तपशील कळला. तिचे जे म्हातारे नर्तक हा कार्यक्रम करणार होते त्यांचा पाय मुरगळला होता. कार्यक्रम दहा दिवसांवर होता. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत तीस फूट चालायचं. नव्वद मिनिटांत.

“तीस फुटांना?” टाइमकीपर ओरडले. “मी अर्ध्या मिनिटात जाऊन परत येईन!”

“तेच तर नकोय, बाबा. आणि हे झालं नाही, तर हॉल पुन्हा मिळणार नाही. मी हे सगळं बंद करून विम्याच्या ऑफिसात जागा निघालीय तिथे जाईन.” ती हसत म्हणाली, पण बायकोने टाइमकीपरांकडे असं पाहिलं की ते खुर्चीत बसले. दिवसा.

“हा एक कार्यक्रम तुम्हाला मधून सोडून येता यायचा नाही,” बायको म्हणाली. “तुम्हीच कार्यक्रम आहात.”

बातमी जिन्याने खाली गेली आणि सल्ले लिफ्टने वर आले. तळमजल्यावरचे गणिताचे मास्तर कागद घेऊनच हजर. “तीनशे साठ इंच भागिले नव्वद. मिनिटाला चार इंच. हा तक्ता पाठ करा. पंधराव्या मिनिटाला साठ इंच, तिसाव्याला एकशेवीस. मध्ये शिंक आली तर अर्धा इंच सोडायचा.” अर्धा इंच सोडायचा म्हणजे पुढचा की मागचा, यावर दोघांचा अर्धा तास वाद झाला.

समोरच्या शिवणवाल्या वहिनी मोजमापाला आल्या. लेकीने राखाडी पायघोळ झगा सांगितला होता. “भावजी, अंगावर टाचण्या लावलेला कपडा आहे असं समजून चाला,” वहिनी म्हणाल्या. “माझी गिऱ्हाइकं अशीच चालतात. जरा घाई केली की टोचतं.” आणि कल्पनाशक्तीवर भरवसा नको म्हणून तालमीच्या झग्यात दोन खऱ्या टाचण्या त्यांनी ठेवूनही दिल्या. झग्याला खिसा नव्हता. मनगटावर घड्याळही चालणार नाही, असं लेकीने बजावलं होतं. घड्याळ काढल्यावर खाली जो पांढरा पट्टा दिसला, तो टाइमकीपर बराच वेळ बघत राहिले. स्वतःच्या अंगाचा एवढा भाग आपल्या ओळखीचा नाही, हे त्यांना नवीन होतं.

तालमीला घर लहान पडे, म्हणून ते मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात सराव करू लागले. अट अशी, की एकदा सुरुवात केली की बोलायचं नाही आणि मान वळवायची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाई खाली उतरल्या. त्यांना काय दिसलं? राखाडी झगा घातलेला एक म्हातारा, एक पाय हवेत, डोळे समोर, तोंडाने चकार शब्द नाही. त्यांनी “काका, काका!” केलं. काका बाविसाव्या मिनिटाला होते. काकांना आतापर्यंत एवढं कधीच जमलं नव्हतं. काका बोलले नाहीत.

रुग्णवाहिका आली. दोन माणसांनी टाइमकीपरांना अलगद आडवं केलं. आता कुणीही म्हणेल, त्या वेळी तरी तोंड उघडायचं. पण बाविसाचे अडतीस झाले होते आणि माणसाला हाव सुटते. बायको बाजाराहून परत येईतो गाडी फाटकाबाहेर पडलेली. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजोबा, जरा चालून दाखवता?” आणि टाइमकीपरांनी अशी धूम ठोकली की चार रिकाम्या खुर्च्या आणि एक सलाइनचा स्टँड ओलांडून ते थेट रस्त्यावर. झग्यातल्या टाचण्या त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आल्या.

त्यानंतर परवान्याचं काम निघालं. लेक तारा, पडदे आणि यंत्रं यांत बुडालेली, म्हणून टाइमकीपर स्वतः परवाना कचेरीत गेले. सरकारी खिडकीशी कसं बोलावं हे आपल्याला कळतं, असा त्यांचा समज होता. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पुढे केला. त्यावर कार्यक्रमाचे प्रकार छापलेले: नाटक, नृत्य, गायन, वादन, व्याख्यान, जादूचे प्रयोग, प्राण्यांचे खेळ.

“यातलं कुठलं?” कारकून.

“यातलं नाही.”

“यातलं नाही असं नसतं. माणूस करतो काय?”

“चालतो.”

“चालतो आणि?”

“सावकाश चालतो.”

“गातो?”

“नाही.”

“मग लोक का बघतात?”

हा प्रश्न टाइमकीपरांचाही होता, पण त्या खिडकीत तो त्यांना झोंबला. “लोकांना त्यातून एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात,” ते ताठ मानेने म्हणाले. बोलून झाल्यावर, हे वाक्य आपण कुणाचं म्हटलं, ते लक्षात येऊन जरा दचकले.

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “एका जागेवरून निघून दुसऱ्या जागी जाणार. लोक दोन्ही बाजूंनी बघणार. बरोबर?”

“बरोबर.”

“मग ही मिरवणूक.”

“पण माणूस एकच आहे!”

“किमान किती असावेत, ते नियमात नाही.” आणि तीन नंबरच्या खिडकीकडे बोट. तीन नंबरने मिरवणुकीचा मार्ग दाखवणारा नकाशा मागितला. टाइमकीपरांनी अर्जाच्या मागे एक रेघ काढली, एका टोकाला ‘भिंत’ लिहिलं आणि दुसऱ्या टोकाला ‘भिंत’. वाटेत शाळा, इस्पितळ, प्रार्थनास्थळ? नाही. ध्वनिक्षेपक? आहेत. वाद्यं? टाइमकीपरांनी विचार करून ‘हृदय’ लिहिलं, कारण छातीला माइक लावणार असं लेक म्हणाली होती. शिक्का पडला. संध्याकाळी पाच ते सात, एक पोलीस हवालदार सोबत राहील. अटी मागे छापल्या होत्या. अटी कोण वाचतो?

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसली. मास्तर तक्ता घेऊन, वहिनी सुईदोरा घेऊन, बायको रिकाम्या हातांनी. लेकीने टाइमकीपरांच्या छातीला एक माइक चिकटवला, दुसरा टाचेला. चार रात्री तिला झोप नव्हती. डोळे विस्तवासारखे झाले होते. पडदा टाइमकीपरांच्या पाठीमागच्या भिंतीवर होता आणि त्यांना समोरच्या भिंतीकडे जायचं होतं. लेक उजव्या हाताला, यंत्रांच्या टेबलामागे. पहिल्या रांगेत हवालदार. गणवेश, बूट, डायरी.

पाच वाजता दिवे मंदावले. आणि एकदम हॉलभर धाड-धाड-धाड सुरू झालं. टाइमकीपरांना वाटलं बाहेर कुणीतरी दरवाजा ठोकतंय. ते स्वतःचंच काळीज होतं. आपल्या आतलं हे खासगी काम परक्या सत्तर माणसांना ऐकू जातंय, हे ध्यानात येताच ते जास्तच जोरात वाजायला लागलं. त्यांनी पाऊल उचललं. टाच टेकली तसा कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला. या सगळ्यातून लवकर सुटावं एवढंच त्यांच्या पायांना कळलं. तक्ता गेला, टाचण्या गेल्या, दहा दिवसांची तालीम गेली. भानावर आले तेव्हा चौदा फूट झाले होते. मास्तरांनी कपाळाला हात लावला. बेचाळिसाव्या मिनिटाला जिथे पोचायचं, तिथे टाइमकीपर नवव्या मिनिटाला उभे होते.

त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून लेकीकडे पाहिलं. ती काही खूण करत नव्हती. तिचा चेहरा ‘जाऊ दे’ म्हणत होता.

डेपोत उशिरा सुटलेल्या गाडीला चार शिव्या मिळत, आणि काम भागे. पण वेळेआधी सुटलेल्या गाडीला टाइमकीपर कधी माफ करत नसत. उशिरा येणाऱ्या गाडीत माणसं निदान बसतात तरी. आधी सुटलेली गाडी रिकामी निघून जाते, आणि ज्यांनी वेळ पाळली ते थांब्यावर रिकामा रस्ता बघत राहतात. असा ड्रायव्हर सापडला की ते त्याला पुढच्या थांब्यावर अडवून ठेवत, वेळ होईपर्यंत, मग तो कितीही चरफडो.

टाइमकीपरांनी स्वतःला अडवून ठेवलं. तेहतीस मिनिटांची शिक्षा. उजवा पाय पुढे, डावी टाच उचललेली, पुतळा.

पाच मिनिटं झाली. पहिल्या रांगेतून हवालदार उठले. बूट वाजवत आले आणि टाइमकीपरांच्या कानाशी वाकले. कानाशी म्हणजे छातीवरच्या माइकशीही. सगळ्या हॉलला चारी बाजूंनी ऐकू आलं:

“साहेब, पुढे सरका. मिरवणूक एका जागी पाच मिनिटांच्या वर थांबवता येत नाही. अट क्रमांक तीन.”

काळजाने एक ठोका चुकवला, तोही सगळ्यांनी ऐकला. लेक टेबलामागे अर्धवट उठली. टाइमकीपरांचे ओठ हलले नाहीत, पण आतून आवाज आला, “सरकलो.”

“किती?”

“बोटभर.”

हवालदार गुडघ्यावर बसले. टाचेखाली खडूने खूण केली, डोळा बारीक करून पाहिलं आणि डायरीत वेळ लिहिली. “ठीक आहे,” ते म्हणाले. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले आणि बाकीच्यांच्या नजरा बघून खाली घेतले. लोकांना हा कार्यक्रमाचा भाग वाटला होता. एक दाढीवाले गृहस्थ वहीत भराभर टिपून घेत होते.

दर पाच मिनिटांनी हेच. हवालदार येत, वाकत, खूण करत, जात. दुसऱ्या फेरीला स्वतःच्या बुटांचा आवाज त्यांनाच सहन होईना, म्हणून ते चवड्यावर आले. चौथ्या फेरीला बूट काढून. सहाव्या फेरीला त्यांना खुर्चीपासून टाइमकीपरांपर्यंत यायला तीन मिनिटं लागली. आल्यावर वाकले, आणि कशासाठी आलो ते विसरून तसेच मागे पडद्याकडे बघत राहिले.

इकडे टाइमकीपरांच्या अंगात मुंग्या, पाठीत कळ, आणि मनात आगीचा बंब. पळावं, ओरडावं, निदान नाक खाजवावं. पण कंटाळ्याच्या पलीकडे कंटाळा करायलाही काही उरेना, तेव्हा त्यांना दिसायला लागलं. जमिनीवर रंगाचा एक थेंब वाळला होता, त्याच्या कडेला कुण्या रंगाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा. टाच टेकताना आधी बाहेरची कड टेकते आणि मग आतली, हे अडुसष्ट वर्षं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तक्ता कधी गळून पडला, कळलं नाही.

साडेसहा वाजले. नव्वद मिनिटं संपली. सात फूट अजून बाकी होते.

आता लेक हातवारे करू लागली. हॉल सातला सोडायचा होता, तारा गुंडाळायच्या होत्या, यंत्रं परत द्यायची होती. तिने दोन्ही हातांनी ‘चला, चला’ केलं. मग घड्याळाकडे बोट दाखवलं. मास्तर तक्ता फडकवत होते. टाइमकीपर कुणाच्याही हातवाऱ्यांना बधले नाहीत. छातीतला आवाज एवढा संथ झाला होता की दोन ठोक्यांच्या मध्ये वहिनींची सुई खाली पडलेली ऐकू आली. शेवटी लेक टेबलामागून बाहेर आली, त्यांच्याजवळ पोचली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, “बाबा, जरा उचला की पाय!”

तेही चारी बाजूंनी ऐकू आलं. हॉलमध्ये असा हशा पिकला की ती लाजून जागच्या जागी उभी राहिली. टाइमकीपर हसले नाहीत. सात वाजायला पाच मिनिटं असताना त्यांच्या नाकाचा शेंडा भिंतीला टेकला.

टाळ्या पुष्कळ पडल्या. दाढीवाल्यांनी हवालदारांना, “आपण कुठल्या मंडळीत असता?” असं अदबीने विचारलं, आणि हवालदारांनी चौकीचं नाव सांगितलं ते लिहून घेतलं. माणसं पांगली. विम्याच्या ऑफिसचं काय, असं बायकोने डोळ्यांनीच विचारलं. लेकीने नाही म्हणून मान हलवली. आणखी दोन हॉलवाले भेटून गेले होते. ती जमिनीवर बसून तारा गोळा करत होती. “छान झालं, बाबा,” ती घाईघाईने म्हणाली. “खरंच.”

टाइमकीपर घुटमळले. “मागे पडद्यावर काय होतं गं?”

तिचे हात थांबले. “तुम्ही पाहिलं नाहीत?”

“माझी पाठ होती.”

सत्तर माणसांनी तिचं काम अथपासून इतिपर्यंत पाहिलं होतं. एक सोडून. तिच्या ओठांवर ते जुने दोन शब्द यायला लागलेले दिसले, तसे टाइमकीपर पुढे झाले. “लाव. पहिल्यापासून लाव.”

“सातला हॉल सोडायचाय. परवाना संपतो.”

हवालदारांनी बूट हातात घेऊनच परवाना उलटसुलट वाचला. “परवाना मिरवणुकीचा आहे,” ते म्हणाले. “मिरवणूक संपली. खुर्चीत बसून भिंतीकडे बघायला परवाना लागत नाही. हॉलवाल्याशी मी बोलतो.” आणि हॉलवाल्याशी बोलून ते परत आले ते थेट मागच्या खुर्चीत बसले.

खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, एका रांगेच्या. टाइमकीपर बसले, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला तारांचं भेंडोळं मांडीवर घेऊन लेक. पडद्यावर एका नळाच्या तोंडाशी थेंब जमायला लागला.

“हा पडायला चौदा मिनिटं लावतो,” हवालदार मागून कुजबुजले. “पण पडतो. काळजी करू नका.”

थेंब पडला. मग एक पडदा वाऱ्याने फुगला आणि ओसरला. “आता तो पाय येतो,” हवालदार म्हणाले. “कुणाचा आहे कोण जाणे, पण नजर हटत नाही.”

जेवणाच्या टेबलाखालची अंधारी जागा. एक पाय, चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला. टाच जमिनीवरून सुटली आणि वर येऊ लागली, इतकी हळू की पाण्यातून येत असावी. वर आली, क्षणभर थांबली, खाली निघाली.

“ही चप्पल माझी आहे,” टाइमकीपर म्हणाले.

“पायही तुमचाच,” बायको म्हणाली. “बसलात की हलतो.”

“माझा पाय हलतो?”

“ही झाल्यापासून. पाळण्यात राहायचीच नाही. तुम्ही ड्यूटीवरून यायचात आणि गणवेशातच हिला पायावर घेऊन बसायचात. तासन् तास. मग ती मोठी होऊन उतरली, आणि पायाला कुणी सांगितलंच नाही.”

टाइमकीपरांनी खाली पाहिलं. उघडा, दमलेला पाय खरोखरच हलत होता, आणि त्याच्याबरोबर जोडलेली सगळी रांग. लेकीला काही विचारावं म्हणून ते वळले, तर तिची मान त्यांच्या खांद्यावर कलली होती. चार रात्रींची झोप. हातातलं भेंडोळं सैल होऊन एकेक तार खाली घसरत होती.

“साहेब,” हवालदारांनी हळूच खांद्याला बोट लावलं, “साडेसात होतील. उठवायचं का त्यांना?”

“असू दे,” टाइमकीपर म्हणाले, आणि पाय तसाच चालू ठेवला. फक्त जरा सावकाश.